दाताचा ‘फोटो’ किती सुरक्षित? एक्स-रे काढण्यापूर्वी एवढे जाणून घ्या

दाढ ठणकते म्हणून लोणावळा, कामशेत, वडगाव किंवा तळेगावच्या दवाखान्यात गेलात, की डॉक्टर आधी आरसा घालून दात पाहतात आणि मग म्हणतात, ‘एक फोटो काढावा लागेल.’ हा फोटो म्हणजे दाताचा एक्स-रे. तो ऐकताच काही जण बिचकतात. ‘किरणे लागतील, नको,’ म्हणून गोळी घेऊन घरी परततात. काही जण उलट, ‘आलोच आहे तर सगळ्या दातांचा काढून टाका,’ म्हणतात.

दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. दाताच्या एक्स-रेमधील किरणांची मात्रा फार कमी असते, त्यामुळे गरज असताना तो टाळणे महागात पडू शकते. पण मात्रा कमी आहे म्हणून विनाकारण काढणेही योग्य नाही. नेमके काय लक्षात ठेवायचे, ते पाहू.

एक्स-रेमध्ये नेमके काय दिसते?

दातांच्या एक्स-रे यंत्रात एक लहान नळी असते. बटण दाबल्यावर तिच्यातील तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन मोठ्या वेगाने टंगस्टन धातूवर आदळतात आणि त्यातून क्ष-किरण निघतात. हे किरण गाल, हिरडी, दात यांतून आरपार जातात आणि तोंडात ठेवलेल्या फिल्मवर किंवा सेन्सरवर पडतात.

दाताचे बाहेरचे आवरण शरीरातील सर्वांत कठीण भाग असतो. तो किरण अडवतो, म्हणून फोटोत पांढरा दिसतो. कीड लागलेली जागा, दाताच्या आतली नस आणि मुळाशी साचलेल्या पुवामुळे पोखरलेले हाड काळपट दिसते. चांदी भरलेली असेल किंवा धातूची टोपी असेल, तर ती लख्ख पांढरी दिसते.

एक मर्यादाही लक्षात ठेवावी. दातातील साधारण ३० ते ४० टक्के खनिज झिजल्याशिवाय कीड एक्स-रेमध्ये ठळक दिसत नाही. म्हणून फोटो ‘स्वच्छ’ आला तरी डॉक्टरांनी तोंड तपासणे आवश्यकच असते.

चिठ्ठीवर लिहिलेल्या अक्षरांचा अर्थ

* आयओपीए किंवा आरव्हीजी : दोन-चार दातांचा मुळापर्यंतचा छोटा फोटो. फिल्मऐवजी वायरचा सेन्सर वापरून संगणकावर लगेच दिसणाऱ्या फोटोला दवाखान्यात ‘आरव्हीजी’ म्हणतात.
* बाइटविंग : दोन दातांच्या फटीतील कीड शोधण्यासाठी. यात वरचे आणि खालचे दात एकत्र दिसतात.
* ओपीजी : संपूर्ण जबड्याचा फोटो. यंत्र डोक्याभोवती फिरते आणि १५ सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. अक्कलदाढ, दातांना तारा लावणे, जबड्याला मार लागणे अशा वेळी उपयोगी.
* सीबीसीटी : जबड्याचे त्रिमितीय स्कॅनिंग. इम्प्लांट बसवताना किंवा अक्कलदाढेचे मूळ जबड्यातील नसेच्या अगदी जवळ असल्यास.

चिठ्ठीवर ‘४६’ किंवा ‘३६’ असा आकडा दिसला तर तो दाताचा क्रमांक असतो. पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो : १ म्हणजे उजवीकडे वर, २ डावीकडे वर, ३ डावीकडे खाली, ४ उजवीकडे खाली. दुसरा अंक मधल्या दातापासून मोजायचा. म्हणजे ४६ ही खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ.

किरणे किती लागतात?

किरणांची शरीरावरील मात्रा ‘सिव्हर्ट’ या एककात मोजतात. ते फार मोठे असल्याने त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिसिव्हर्ट आणि दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोसिव्हर्ट वापरतात.

एक्स-रे न काढताही आपल्याला रोज किरणे मिळतात. जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून येणारी ही नैसर्गिक मात्रा जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसिव्हर्ट आहे. जागेनुसार ती बदलते. केरळच्या किनाऱ्यावर चवरा-नींदकरा भागात मोनाझाइट वाळूमुळे ती बरीच जास्त आहे. कार्ले-भाजे लेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत, त्या बेसॉल्टमध्ये मात्र किरणोत्सारी मूलद्रव्ये ग्रॅनाइटच्या तुलनेत कमी असतात.

आता हाच हिशेब दाताच्या फोटोला लावू :

* एक छोटा डिजिटल फोटो : साधारण १ ते ८ मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे सुमारे एका दिवसाची नैसर्गिक मात्रा.
* ओपीजी : साधारण १० ते ३० मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे दीड ते साडेचार दिवसांची मात्रा.
* सीबीसीटी : जबड्याचा किती भाग घेतला आणि यंत्र कोणते यावर अवलंबून काही दहा ते काही शे मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंतची मात्रा.

रूट कॅनॉल करताना तीन-चार फोटो काढले जातात म्हणून अनेकांना शंका येते. पण सुरुवातीला दुखणे कुठे आहे ते पाहायला, मधे मुळाची लांबी मोजायला आणि शेवटी भरण नीट झाले का ते तपासायला ते लागतात. चारही फोटोंची मात्रा मिळून साधारण तीन-चार दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतकी भरते. मुळाचे टोक न दिसता उपचार अर्धवट राहिला आणि दाढ पुन्हा उघडावी लागली, तर नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते.

यंत्र बंद झाले की किरण संपतात. ते खोलीत, कपड्यांत किंवा तोंडात राहत नाहीत. फोटोनंतर दूध पिणे, अंघोळ करणे, बाळाला अंगावर पाजणे यावर कोणतेही बंधन नाही.

मग काळजी कशाची घ्यायची?

क्ष-किरणांचा शोध जर्मनीत विल्हेल्म रोंटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लावला. पुढच्या काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ऑटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर थांबावे लागले. आज तेच काम सेकंदाच्या काही भागात होते.

त्या काळी धोका कोणाला ठाऊक नव्हता. अमेरिकेतील दंतवैद्य एडमंड केल्स वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने रुग्णाच्या तोंडात फिल्म धरत. त्यांना हाताचा कर्करोग झाला. आधी बोटे आणि नंतर हात गमावून १९२८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी मात्र नळीभोवती कवच हवे, किरणांचा झोत अरुंद हवा, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगितले होते. आजचे नियम त्याच विचारावर उभे आहेत.

रुग्णाला एखाद-दुसरा फोटो पुरतो. डॉक्टर आणि सहायक मात्र रोज तिथे असतात. म्हणून बटण दाबताना ते बाहेर किंवा आडोशाला जातात. रुग्णाला सोडून ते पळत नाहीत. अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता चौथाई होते आणि तिप्पट झाले की नवव्या भागावर येते. दिवसाला अनेक फोटो काढणाऱ्यासाठी ही दोन पावले महत्त्वाची ठरतात.

यावरून एक सोपी खूण मिळते. सहायक स्वतःच्या बोटाने तुमच्या तोंडात फिल्म धरत असेल, तर ते चूक आहे. फिल्म होल्डरमध्ये बसवावी किंवा रुग्णाने स्वतः धरावी. लहान मूल एकटे बसत नसेल आणि आई-वडिलांपैकी कोणाला थांबावे लागत असेल, तर त्यांनी शिशाचा एप्रन घालावा. गरोदर महिलेने मात्र मुलाला धरायला आत थांबू नये.

नियम कोणाचे?

देशातील सर्व वैद्यकीय एक्स-रे यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. हे मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. दाताचे छोटे यंत्रही मंडळाने मान्यता दिलेल्या प्रकारचे असावे लागते आणि दवाखान्याला मंडळाच्या ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीवर त्याची नोंदणी करावी लागते. ठरावीक काळाने यंत्राची गुणवत्ता चाचणीही करावी लागते. हातात धरून वापरायच्या यंत्रालाही मान्यतेतून सूट नाही.

सामान्य नागरिकांसाठी मंडळाने वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा ठेवली आहे. मात्र ती उपचारासाठी काढलेल्या एक्स-रेला लागू नाही. रुग्णासाठी ‘इतकेच फोटो’ असा आकडा ठरलेला नसतो. फोटोचा फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे का, हे डॉक्टरांनी प्रत्येक वेळी ठरवायचे असते. म्हणूनच ‘हा फोटो कशासाठी?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

गरोदर महिला आणि लहान मुले

गरोदर असाल किंवा शक्यता असेल, तर आधी सांगा. तातडी नसेल तर डॉक्टर फोटो पुढे ढकलतील. पण दाढेला पू झाला असेल, गाल सुजला असेल, तर केवळ भीतीपोटी थांबू नये. किरणांचा झोत जबड्यावर असतो आणि गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा नगण्य असते. उलट, खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि गळ्याकडे पसरला तर श्वास अडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तोंड उघडेनासे झाले, गिळता येईना, गळ्याखाली सूज आली, ताप भरला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

मुलांच्या वाढत्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात. त्यामुळे मुलांसाठी यंत्राची मात्रा कमी ठेवावी लागते. कीड नाही, तक्रार नाही, तरी दर सहा महिन्यांनी फोटो, असा सरसकट नियम नाही. शिबिरात सगळ्यांचे तोंड आधी तपासावे आणि गरज असेल त्याचाच फोटो काढावा.

एप्रन घालायलाच हवा का?

यावरील मत बदलते आहे. आधुनिक यंत्रांचा झोत नेमका असल्याने रुग्णाला एप्रन आणि गळ्याची पट्टी नेहमी लागत नाही, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सांगितले. ओपीजीमध्ये तर गळ्याची पट्टी फोटोत येऊन तो बिघडवू शकते. छोट्या फोटोसाठी डॉक्टरांनी एप्रन दिला तर जरूर घाला. पण तेवढ्याने काम भागत नाही. गोल झोताऐवजी फिल्मच्या मापाचा चौकोनी झोत वापरला तर मात्रा जवळपास निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटते. जुन्या संथ फिल्मऐवजी डिजिटल सेन्सर वापरल्यानेही ती बरीच कमी होते.

मावळात सर्वांत उपयोगी सवय : फोटो जपून ठेवा

अनावश्यक किरणे टाळण्याचा रुग्णाच्या हातातला सोपा मार्ग म्हणजे तोच फोटो पुन्हा काढावा लागू नये. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातील गावांतून रुग्ण आधी जवळच्या बाजारपेठेत दाखवतो. अक्कलदाढ किंवा अवघड रूट कॅनॉल असेल, तर लोकलने चिंचवडला किंवा पुण्याला जातो. तिथे जुना फोटो हाताशी नसेल, तर नवा काढावा लागतो. लोणावळ्यात चिक्की खाताना टोपी निघालेल्या पर्यटकाचेही तेच. इथे एक फोटो, घरी गेल्यावर दुसरा.

* डिजिटल फोटोची मूळ फाइल मागून घ्या. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो बारकावे पाहायला अपुरा पडतो.
* व्हॉट्सअॅपवर पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साध्या फोटोसारखी पाठवली तर स्पष्टता कमी होते.
* फिल्म असेल तर पाकिटावर नाव, तारीख आणि दाताचा क्रमांक लिहा. घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात फिल्मला ओल लागते आणि त्या एकमेकींना चिकटतात. कोरड्या डब्यात वेगवेगळ्या ठेवा.
* जुना फोटो आहे हे नव्या डॉक्टरांना आधीच सांगा. तो चालेल की नाही, हे दुखणे किती बदलले यावर ते ठरवतील.

फोटो पहिल्याच वेळी नीट यावा म्हणून

हलल्यामुळे किंवा दागिन्यामुळे फोटो बिघडला, तर तो पुन्हा काढावा लागतो. चष्मा आणि निघणारी कवळी काढून ठेवा. ओपीजी असेल तर कानातले, नाकातली चमकी, गळ्यातले आणि केसांतल्या पिनाही काढा. यंत्र फिरत असताना जीभ टाळूला लावून ठेवा. छोट्या फोटोच्या वेळी उमळायला होत असेल तर नाकाने सावकाश श्वास घ्या आणि तसे आधी सांगा.

खुर्चीत बसण्यापूर्वी विचारा

१. या फोटोतून काय कळणार आहे? त्यामुळे उपचार बदलणार का?
२. माझा जुना फोटो चालेल का?
३. छोट्या फोटोवर भागेल का, की ओपीजी किंवा सीबीसीटीच हवे?
४. यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी आहे का?
५. फाइल मला मिळेल का?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी नाराज होणार नाही. उत्तरे पटली, तर निश्चिंतपणे फोटो काढून घ्या. दुखरी दाढ अंगावर काढण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.