यंत्र सुरू होण्याआधी

कल्याण-डोंबिवलीहून टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रात रेडिएशनसाठी निघालेला कॅन्सरचा रुग्ण ठाण्याला गाडी बदलतो आणि पनवेल लोकल पकडतो. सोमवार ते शुक्रवार, आठवड्यामागून आठवडे. प्रत्यक्ष किरण अंगावर पडतात ते काही मिनिटंच. घरच्यांचं सगळं लक्ष त्या भल्यामोठ्या यंत्राकडे असतं. पण किरण नेमके कुठे पडणार हे त्याआधीच, सिम्युलेशनच्या खोलीत आणि प्लॅनिंगच्या संगणकावर, ठरलेलं असतं. उपचाराची निम्मी गुणवत्ता तिथेच ठरते, असं माझं ठाम मत आहे.

सिम्युलेशन म्हणजे सीटी स्कॅनच, पण तो निदानासाठी नसतो. टेबल सपाट आणि टणक असतं, कारण पुढे उपचारही तशाच टेबलावर व्हायचे असतात. लेझरच्या रेषा अंगावर जिथे पडतात, तिथे शाईच्या खुणा किंवा टाचणीच्या टोकाएवढं गोंदण करतात. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण फार. त्यांच्यासाठी प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत ती कडक होते आणि त्या चेहऱ्याचा मास्क तयार होतो. रोज त्याच स्थितीत, हलता न येता झोपायचं, यासाठी ही सगळी खटपट.

सीटीच का? १९७१ साली इंग्लंडमध्ये अभियंते हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला. त्या चित्रातल्या प्रत्येक बिंदूला एक आकडा असतो: पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, हाडाला शून्याहून बराच वरचा. या आकड्यांवरून वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ शरीरात किरण कुठे किती शोषले जातील याचा हिशोब करतात. गाठीची कड एमआरआयमध्ये पुष्कळदा जास्त स्पष्ट दिसते, पण हे आकडे त्यात मिळत नाहीत. म्हणून एमआरआय किंवा पेट स्कॅन सीटीवर नेमका जुळवून घेतात.

मग डॉक्टर सीटीच्या एकेका कापावर रेषा काढत बसतात. आधी दिसणारी गाठ, तिच्याभोवती न दिसणाऱ्या पेशी जिथे असू शकतील तो भाग, आणि त्याबाहेर रोजच्या हालचालीसाठी सोडलेली जागा. मज्जारज्जू, लाळग्रंथी, आतडी हे वाचवायचे अवयवही असेच रेखायचे. मज्जारज्जूजवळची रेषा थोडी जरी चुकली, तरी त्याची किंमत रुग्ण आयुष्यभर मोजू शकतो. हे काम तासन् तास चालतं आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो.

या काळजीचं फळ किती, हे टाटा मेमोरियल सेंटरने मोजून दाखवलं आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये गर्भाशय काढलं की रिकाम्या जागेत आतडी खाली उतरतात आणि किरणांच्या वाटेत येतात. मूत्राशय भरलेलं की रिकामं, यावरही उपचाराची जागा सरकते. २०११ ते २०१९ या काळात अशा ३०० स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचं त्रिमितीय रेडिएशन दिलं, दुसऱ्याला चित्रांच्या आधारे जागा पडताळून तीव्रता कमीजास्त करणारं. तीन वर्षांनी आतड्यांचा लक्षणीय त्रास पहिल्या गटात ४२.४ टक्के स्त्रियांना होता, दुसऱ्यात २१.१ टक्के. कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात दोन्ही गटांत तसा फरक नव्हता. म्हणजे आजारावर तेवढाच मारा, पण पुढे पोटाचा त्रास निम्मा. संसार, नोकरी, लोकलचा प्रवास सांभाळणाऱ्या बाईसाठी ही केवढी मोठी गोष्ट! २०२१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

मूत्राशय रोज सारखंच भरलेलं असावं म्हणूनच उपचारापूर्वी ठरावीक पाणी पिऊन ठरावीक वेळ थांबायला सांगतात, तेव्हा ती सूचना काटेकोरपणे पाळायची. प्लॅनिंगसाठी काही दिवस थांबावं लागलं तर ते दिवस वाया जात आहेत असं समजू नये. आणि तोंडा-घशाच्या रुग्णाचं खाणं कमी होऊन वजन उतरलं, मास्क सैल लागू लागला, तर त्याच दिवशी टेक्नॉलॉजिस्टला सांगावं. गरज पडली तर नवा मास्क, नवा सीटी आणि नवं प्लॅनिंग करता येतं.