‘सेव्हन सामुराई’: तलवार आणि भात

अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) आमच्या वसतिगृहात दाखवला, तेव्हा आम्ही सगळे तलवारबाजी पाहायला बसलो होतो. कृष्णधवल चित्रपट, जपानी भाषा आणि लांबी २०७ मिनिटे! निम्मे कॅडेट मध्येच झोपले. सुट्टीत मी तो पुन्हा पाहिला. तेव्हा कळले, की यातली खरी लढाई भाताच्या वाटीभोवती आहे.

काळ सोळाव्या शतकाच्या अखेरचा. यादवी युद्धांत धनी गमावलेले सामुराई पोटासाठी भटकत आहेत. पीक तयार झाले की चाळीस दरोडेखोर गाव लुटणार, म्हणून शेतकरी सात सामुराई शोधून आणतात. (‘शोले’ पाहिलेल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.) मोबदला फक्त भाताचे जेवण. तो भात पाहुण्यांना वाढून शेतकरी स्वतः भरडधान्य खातात. तरीही विश्वास नाहीच. एक बाप सामुराईंच्या भीतीने मुलीचे केस कापून तिला मुलगा बनवतो.

बचावाची आखणी वहीत उतरवून घ्यावी अशी आहे. म्होरक्या कांबेई पश्चिमेला कुंपण घालतो, दक्षिणेच्या शेतांत पाणी सोडतो, पूर्वेचा पूल तोडतो आणि उत्तरेची वाट मुद्दाम उघडी ठेवतो. घोडेस्वार थोडेथोडे आत घेऊन मारण्यासाठी. पण या आखणीत बाहेरची तीन घरे बसत नाहीत. तिथले लोक भाले टाकून निघतात, तेव्हा कांबेई तलवार उपसून त्यांना परत रांगेत आणतो. तो चुकला का? आमच्यात यावर अजून एकमत नाही.

मग गावात लपवलेली चिलखते सापडतात. लढाईत हरून पळणाऱ्या सामुराईंना मारून शेतकऱ्यांनी मिळवलेली! सामुराई संतापतात आणि किकुचियो (तोशिरो मिफुने) त्यांच्यावर उसळतो. शेतकरी लबाड, भित्रे, खुनशी आहेतच. पण गावे जाळून, धान्य आणि बायका ओढून नेऊन त्यांना तसे कोणी केले? तुम्हीच. हा सामुराई म्हणवणारा गडी शेतकऱ्याचाच पोर आहे, हे ओळखून कांबेईचे डोळे भरून येतात. मीही शेतकऱ्याच्या घरचा. तरी तोपर्यंत मी गावकऱ्यांवरच चिडलो होतो. विशेष म्हणजे कुरोसावांच्या वडिलांचे घराणे सामुराईंचे. हा आरोप त्यांनी आपल्याच पूर्वजांवर ठेवला आहे.

सातांपैकी चौघे मरतात. चौघेही बंदुकीच्या गोळीने, तलवारीने एकही नाही. शेवटी उरलेले तिघे थडग्यांपाशी उभे असतात आणि खाली गाव गात-वाजवत भाताची लावणी करत असते. कांबेईच्या मते जिंकले ते शेतकरी, आपण नाही. पहिल्या वेळी हा प्रसंग मी नीट पाहिलाच नव्हता. लढाई संपली म्हणून आम्ही अंधारात चपला शोधत होतो.