मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट कशाला?

तांदळातले खडे दिसेनासे होतात. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. तिन्हीसांजेला उंबरठ्याशी पाय अडखळतो. ‘वय झालं, चालायचंच,’ म्हणून आजी गप्प बसते आणि घरचेही गप्प बसतात. पुढे तिचे शेतावर जाणे थांबते, मग शेजारीपाजारी जाणेही. धुरकट काचेतून पाहावे तसे जग दिसू लागते. बहुतेक वेळा यामागे मोतीबिंदू असतो आणि त्यावरची शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांची असते.

आपल्या देशात 2015 ते 2019 या काळात अंधत्वाचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी जवळपास 2 टक्के लोक दृष्टिहीन असल्याचे त्यात आढळले. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या अंधत्वाचे कारण होते उपचार न झालेला मोतीबिंदू. म्हणजे अंधारात जगणाऱ्या दर तीन वृद्धांपैकी दोघांची दृष्टी परत येऊ शकली असती.

भिंग गढूळ का होते?

डोळ्यातल्या बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असते. त्यातील प्रथिनांची मांडणी इतकी नेटकी असते, की प्रकाश त्यातून आरपार जातो. मात्र या भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्मभर तीच राहतात, बदलली जात नाहीत. वयानुसार ती बिघडतात, एकमेकांना चिकटतात आणि भिंग गढूळ होते. मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, उन्हातले अतिनील किरण, डोळ्याला झालेली इजा आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे यांमुळे ही प्रक्रिया लवकर सुरू होऊ शकते. गढूळ झालेले भिंग थेंबांनी, मधाने किंवा कुठल्याही अंजनाने पुन्हा स्वच्छ होत नाही. शस्त्रक्रिया हाच त्यावरचा उपाय आहे.

‘पिकू द्या’ हा सल्ला जुना झाला

‘मोतीबिंदू अजून पिकला नाही, थांबा,’ असे अजूनही सांगितले जाते. एके काळी या सल्ल्याला अर्थ होता. तेव्हा संपूर्ण भिंग काढून टाकत आणि रुग्णाला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागे. त्यामुळे दृष्टी अगदीच जाईपर्यंत थांबणे बरे वाटे. 1949 मध्ये लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात प्रथमच कृत्रिम भिंग बसवले आणि चित्र बदलू लागले. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या फुटलेल्या छताचे पर्स्पेक्सचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत गेले होते, पण डोळ्याने ते सहन केले. हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. पुढे 1992 मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ‘ऑरोलॅब’ सुरू करून अशी भिंगे अत्यंत कमी किमतीत तयार केली आणि ती गरिबांनाही परवडू लागली.

आता निकष एकच आहे. रोजची कामे अडू लागली, की शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांशी बोलावे. उलट फार थांबल्यास भिंग कडक होते आणि शस्त्रक्रिया अवघड होते. कधी ते फुगून डोळ्यातला दाब वाढतो. मग नेत्रनसेला इजा होऊन कायमचे अंधत्वही येऊ शकते. ‘उन्हाळ्यात नको, पावसाळ्यात नको’ ही समजूतही सोडायला हवी. निर्जंतुक शस्त्रक्रियागृहात बारा महिने ऋतू सारखाच असतो.

मागे कोण राहते?

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून सुरू आहे. 1994 नंतर जागतिक बँकेच्या साह्याने राबवलेल्या मोतीबिंदू प्रकल्पातही महाराष्ट्र होता. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. तरीही सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत अधिक दिसले. शस्त्रक्रिया फुकट असली, तरी एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज आणि घरात आजीच्या डोळ्यांना मिळणारा शेवटचा क्रमांक यांचा हिशेब कुठल्याच सरकारी कागदावर येत नाही. आजी घरात चाचपडत असेल, तर तिचा हात धरण्यासाठी दुसरे कुणीतरी अडकून पडते, आणि बऱ्याचदा ती शाळेत जाणारी नात असते.

घरातच करा एक साधी तपासणी

घरातल्या ज्येष्ठांना एकेक डोळा तळहाताने झाकून समोरचे कॅलेंडर पाहायला सांगा. दोन्ही डोळ्यांत फरक जाणवला, दिव्याभोवती वलये दिसली किंवा चष्म्याचा नंबर वारंवार बदलू लागला, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. पन्नाशीनंतर नियमित तपासणी करावी, मधुमेह असल्यास दरवर्षी. अंधुक दिसण्याचे कारण काचबिंदू किंवा पडद्याचा विकारही असू शकतो, म्हणून ‘मोतीबिंदूच असेल’ असे घरी ठरवू नये.

शस्त्रक्रियेनंतर सांगितलेले थेंब वेळच्या वेळी घालावेत. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर पुन्हा कमी झाली, तर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा अंधुक दिसू लागले, तर तो मोतीबिंदू ‘परत आलेला’ नसतो. कृत्रिम भिंगामागचा पडदा धूसर झालेला असतो आणि लेझरने तो काही मिनिटांत मोकळा करता येतो.

तेव्हा पुढच्या वेळी आजीने ‘जरा हे वाचून दाखव गं’ म्हटले, तर वाचून दाखवाच. पण त्याच आठवड्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही घेऊन जा.