काम दिलंच नाही, तरी बिल आलं!

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक ताई आली. हप्ता भरून झाला तरी उठेना. शेवटी पिशवीतून एक कागद काढून तिने आमच्यापुढे ठेवला. ते ठेकेदाराचं बिल होतं, २३,६०० रुपयांचं. तिच्या घराची अजून एक वीटही लागलेली नव्हती.

झालं होतं असं. जुनं घर पाडून त्या जागी दोन खोल्या बांधायच्या म्हणून ताईने ठेकेदाराला बोलावलं. "मी नुसता बघून जातो, त्याचं काही लागत नाही," असं तो म्हणाला. मग मोजमाप झालं. जागा काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून वरचा थर काढायला जेसीबी आला. ताईने ५,००० रुपये ॲडव्हान्स दिले. पुढे नकाशा आणि इस्टिमेट हातात आलं, तेव्हा आकडा आवाक्याबाहेरचा निघाला. ताईने हात जोडून सांगितलं, "भाऊ, एवढं जमणार नाही." आठ दिवसांनी हे बिल आलं, आणि बरोबर निरोपही: "पैसे द्या, नाहीतर उतारा परत मिळणार नाही."

अशा वेळी आपण दोनच गोष्टी करतो. चारचौघांत बोभाटा नको म्हणून मुकाट्याने पैसे भरतो, नाहीतर "एक रुपया देणार नाही" म्हणून दार लावतो. दोन्हींत नुकसान आपलंच आहे. बिल सबंध खरं किंवा सबंध खोटं क्वचितच असतं. ते ओळीओळीने तपासावं लागतं.

प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे. हे काम आपण सांगितलं होतं का? दर आधी ठरला होता का? आणि त्या कामाचा फायदा आपण घेतला का?

तिसरा प्रश्न कायद्यातूनच आला आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ७० असं सांगतं की, कुणी आपल्यासाठी रीतसर काही केलं, ते फुकट करायचा त्याचा हेतू नव्हता, आणि आपण त्याचा फायदा घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. लेखी करार नव्हता एवढ्यावर आपण सुटत नाही, कारण तोंडी करारही करारच असतो. पण तोच नियम ठेकेदारालाही लागू आहे. "काही लागत नाही" हा त्याचा शब्दही तोंडी कबुलीच झाला.

आम्ही ताईबरोबर बसून हिशेब केला.

पाहणी आणि मोजमाप, ३,००० रुपये. हे फुकट म्हणून सांगितलं होतं. ही ओळ कापली.

नकाशा आणि इस्टिमेट, ८,००० रुपये. दर ठरला नव्हता. पण ताईने तोच नकाशा पतसंस्थेत कर्जासाठी जोडला होता, म्हणजे फायदा घेतला. तालुक्याच्या गावी दुसऱ्या इंजिनिअरला विचारलं, तर एवढ्या नकाशाचे तो ४,००० घेतो म्हणाला. ते धरले.

जेसीबी, ५ तासांचे ६,००० रुपये. घर कुणीही बांधलं तरी ती माती काढावीच लागली असती, तेव्हा हे देणं आलंच. पण मशीन ३ तासच चाललं होतं, ताई स्वतः तिथे उभी होती. ताशी १,२०० प्रमाणे ३,६०० झाले.

देखरेख, ३,००० रुपये. बांधकामच नाही, मग देखरेख कसली? तरी त्याचा माणूस जेसीबीपाशी दिवसभर राबला होता. त्याची एका दिवसाची मजुरी ७०० रुपये ताईने आपणहून मान्य केली.

शेवटी १८ टक्के जीएसटी, ३,६०० रुपये. बिलावर जीएसटी नंबरच नव्हता, आणि चौकशी केली तेव्हा नोंदणीच नसल्याचं कळलं. नोंदणी नसलेल्याला हा कर गोळा करता येत नाही. ही ओळही गेली.

बेरीज ८,३०० रुपये. ॲडव्हान्सचे ५,००० बिलात वजा केलेच नव्हते. ते वजा जाता देणं उरलं ३,३००.

मग ताईने पत्र लिहिलं. भाषा साधी ठेवली: "आपलं बिल मिळालं. पुढील बाबी मान्य, पुढील अमान्य, कारणं सोबत. ३,३०० रुपये द्यायला तयार आहे. पावती आणि माझा उतारा द्यावा." पत्र नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवलं, नक्कल जवळ ठेवली. ठेकेदार आला, थोडी कुरकुर केली, जेसीबीच्या तासांवर वाद घातला. पण शेवटी पैसे घेतले, उतारा परत दिला आणि "हिशेब पूर्ण मिटला, काही येणं नाही" असं लिहून सही केली.

सगळेच ठेकेदार असे ऐकतील असं नाही. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. बिलावर "मान्य" म्हणून सही करू नका. कोरा चेक देऊ नका. पावती, मेसेज, फोटो जपून ठेवा. केलेल्या कामाच्या पैशांसाठी साधारण ३ वर्षांपर्यंत दावा लावता येतो. "पोलिसांत देतो" म्हटलं तर घाबरू नका, हिशेबाचा वाद हा दिवाणी वाद असतो. मात्र कोर्टाची नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा धरली आहे. ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेचा मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि आपली बाजू आपणच मांडू शकतो. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. वकील लागला तर स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवा मिळते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा.

आणि पुढच्या वेळी जागेवर टेप धरण्याआधीच विचारा: "बघायचे किती? नकाशाचे किती? काम तुम्हाला दिलं नाही तर किती?" उत्तरं वहीत लिहून खाली त्याची सही घ्या. मूळ उतारा देऊ नका, झेरॉक्स द्या. हे विचारताना संकोच वाटतो, आम्हालाही वाटायचा. पण ताईचे जे २०,३०० रुपये वाचले, त्यातूनच तिच्या पायाचं सिमेंट आलं.

तुमच्या घरीही असं बिल आलं असेल तर ते घेऊन बैठकीला या. ओळीओळीने बघू.