रोग गेला, बाई बरी झाली का?

कर्करोगाचे नाव निघाले की आपल्या खेड्यांतून पहिला प्रश्न येतो तो एकच : ‘माणूस वाचेल ना?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि पहिला मान त्यालाच हवा. परंतु उपचार संपवून बाई घरी परतल्यावर दुसरा प्रश्न विचारावयाचा असतो, तो मात्र बहुधा राहूनच जातो. वाचलेले आयुष्य ती कशा रीतीने जगत आहे? ह्या दुसऱ्या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. वेळीच निदान झाले तर हा रोग बरा होतो. अफझलपूर तालुक्यातील करजगीसारख्या सीमेवरच्या गावची बाई उपचारासाठी कलबुर्गीच्या किदवाई केंद्रात जाते, सोलापूर किंवा बार्शी गाठते, नाहीतर मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरते. आपल्या ह्याच टापूत ह्या रोगासंबंधी मोठे काम झाले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना घेऊन एक पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूची एकच तपासणी करून पुढील उपचार केले, तरी ह्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे तिने दाखवून दिले. अशा प्रयत्नांनी वाचलेल्या स्त्रियांची संख्या जसजशी वाढेल, तसतसा दुसरा प्रश्नही मोठा होत जाईल.

उपचार मागे काय ठेवतात?

रोग फार पसरलेला नसेल तर शल्यक्रिया करतात; पुढे गेलेला असेल तर किरणोपचार व त्यांच्या जोडीला औषधे देतात. हे उपचार जीव वाचवितात, पण गर्भाशयाच्या अगदी शेजारीच मूत्राशय व आतडे असल्याने त्यांनाही किरणांची झळ पोहोचते. कित्येकींना वारंवार शौचास जावे लागते, लघवीची घाई होते, कधी ती आवरत नाही. हा त्रास काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही सुरू होतो. ओटीपोटातील ग्रंथी काढल्या असतील किंवा त्यांना किरण लागले असतील तर पाय सुजतो. अंडकोश निकामी झाल्याने तिशी-पस्तिशीतच पाळी जाते, अंगाची आग होते, झोप उडते. योनिमार्ग कोरडा व अरुंद होतो आणि पतिपत्नींच्या सहवासात वेदना होतात.

आता हे सारे करजगीच्या शिवारात मांडून पाहा. सुजलेल्या पायाने तुरीच्या शेतात खुरपणीची पात धरता येत नाही. भरलेली घागर उचलली की लघवी सुटते, म्हणून पाणी आणावयास सून हवी. एस्‌टीत वाटेत आडोसा मिळणार नाही ह्या भीतीने ती माहेरी जाणे सोडते, लग्नकार्य टाळते, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दाराजवळ बसते. घरातली माणसे म्हणतात, ‘आजारातून उठली खरी, पण माणूसघाणी झाली.’ खरे कारण ती सांगत नाही, कारण ते तिला कोणी विचारलेलेच नसते.

सुखदुःखाचे मोजमाप

ताप मोजता येतो, पण माणसाचे जगणे कसे मोजावे? १९४९ साली अमेरिकेतील डॉ. कार्नोफ्स्की यांनी एक मापपट्टी सुचविली. रुग्ण कितपत हिंडतोफिरतो हे पाहून डॉक्टरने त्याला शंभरापैकी गुण द्यावयाचे, अशी ती रीत होती. ती उपयोगी ठरली. पण गुण देणारा डॉक्टर होता, भोगणारा नव्हता. पुढे ही दृष्टी बदलली. १९९३ साली युरोपातील कर्करोग-संशोधन संस्थेने तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिची उत्तरे रुग्णाने स्वतःच द्यावयाची असतात. लांब चालताना त्रास होतो का? झोप लागते का? काळजी वाटते का? आजारामुळे घरच्या जीवनात अडथळा आला का? पैशाची ओढाताण झाली का? बहुतेक प्रश्नांना ‘मुळीच नाही’पासून ‘फारच’पर्यंत चार उत्तरे असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी २००६ साली आणखी चोवीस प्रश्न तयार झाले. आतडी, लघवी, पायाची सूज, पाळी जाण्याचा त्रास व वैवाहिक जीवन हे विषय त्यांत येतात. ह्या प्रश्नावल्या मराठीतही आल्या आहेत.

तथापि, कागद मराठीत आला म्हणजे प्रश्न मनापर्यंत पोहोचला असे नव्हे. ‘लांब फिरावयास जाता का?’ ह्या प्रश्नावर शेतकरीण हसेल. तिला ‘शेतापर्यंत न थांबता जाता का? भाकऱ्या थापताना किती वेळ बसवते?’ असे विचारले तर ती अचूक सांगेल. सीमेवरच्या बाईशी कन्नडात बोलावे की मराठीत, हेही पाहिले पाहिजे. वैवाहिक जीवनाचा प्रश्न सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना विचारला तर उत्तराची जागा कोरीच राहील. आणि कोरी जागा म्हणजे ‘त्रास नाही’ असे समजणे ही मोठीच चूक होय.

विचारल्याने काय साधते?

कोणी म्हणेल, विचारून काय होणार? मुंबईच्या टाटा रुग्णालयानेच ह्याचे उत्तर दिले आहे. शल्यक्रियेनंतर किरणोपचार लागलेल्या तीनशे स्त्रियांचे तेथे दोन गट केले. एका गटाला प्रचलित पद्धतीने किरण दिले. दुसऱ्या गटाला, रोज चित्र पाहून, आतड्यांना जपणाऱ्या नव्या पद्धतीने. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत आतड्यांचा लक्षणीय त्रास जुन्या पद्धतीत शंभरात सुमारे बेचाळीस जणींना झाला, तर नव्या पद्धतीत सुमारे एकवीस जणींना. जुलाब कमी होतात, भूक बरी लागते, असे नव्या पद्धतीच्या स्त्रियांनी प्रश्नावलीतूनही सांगितले. रोग आटोक्यात राहण्यात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. केवळ ‘किती जगल्या?’ एवढेच विचारले असते, तर दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या असत्या!

घरच्यांनी काय करावे?

प्रथम एक गैरसमज काढून टाकावा. हा कर्करोग एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणावर निजल्याने लागत नाही. बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत. आतून उपचार करताना बसविलेले साधनही नंतर काढून घेतात. तेव्हा तिची भांडी वेगळी ठेवणे किंवा नातवंडांना तिच्यापासून दूर ठेवणे हा निव्वळ अन्याय आहे.

दुसरे असे की, ह्यांतील बहुतेक त्रासांवर इलाज आहेत. लघवी आवरण्यासाठी ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवितात. योनिमार्ग आकसू नये म्हणून विशिष्ट साधन वापरावयास सांगतात व कोरडेपणासाठी मलम देतात. पाय सुजत असेल तर शेतात अनवाणी जाऊ नये, लहानशा जखमेवरही लगेच उपचार करावा आणि घट्ट पायमोज्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. लघवीच्या धास्तीने पाणी पिणे मात्र तोडू नये. शौचातून किंवा योनिमार्गातून रक्त गेले, कंबर सतत दुखू लागली किंवा वजन उतरू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एरवीही ठरलेली तपासणी चुकवू नये. ती पहिल्या दोन वर्षांत अधिक वेळा करावी लागते.

नवऱ्यांनाही एक शब्द सांगावासा वाटतो. सहवासास ती नकार देते तेव्हा तो तुमचा अव्हेर नसतो; ती वेदना असते. तपासणीच्या वेळी तिच्याबरोबर जा, आणि डॉक्टर तिच्याशी एकान्तात बोलू पाहतील तेव्हा आनंदाने बाहेर थांबा.

भगिनींनो, तुम्ही उपचार पुरे केलेत, ही थोर गोष्ट आहे. आता जो त्रास उरला आहे तो नशिबाचा भोग समजून गिळू नका. पुढच्या खेपेला डॉक्टर ‘कशा आहात?’ असे विचारतील, तेव्हा ‘बरी आहे’ एवढेच म्हणून उठू नका. काय दुखते, काय सुटले, काय करता येत नाही, हे घरीच मनाशी मोजून ठेवा, मुलीकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवा.