पन्नासच्या आधीचा पुरावा

नाशिक जिल्ह्यातल्या कळवण तालुक्यात वंशावळ हौसेने काढायला बसलेला माणूस विरळाच. इथे तिची गरज लागते ती अर्जाला जोडण्यासाठी. आरक्षित जागेवर कॉलेजात प्रवेश हवा, नोकरी हवी किंवा ग्रामपंचायतीला उभं राहायचं, तर जात पडताळणीच्या प्रकरणात शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते. वर सर्वांत जुना ठाऊक पुरुष, खाली रेघा आणि रेघांच्या टोकाला मुलगे, नातू, पणतू. तालुक्यात कोकणा, भिल्ल अशा जमातींची वस्ती मोठी, त्यामुळे पणजोबांचं नाव नक्की काय होतं हा प्रश्न इथे पाड्यापाड्यावर अगदी व्यवहाराचा आहे.

महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींसाठी मानीव दिनांक, म्हणजे ज्याच्या आधीचा पुरावा मागितला जातो तो, 6 सप्टेंबर 1950. म्हणून ‘पन्नासच्या आधीचा पुरावा’ हे शब्द घरोघर ऐकू येतात. तो पुरावा म्हणजे बहुधा शाळेचा निर्गम उतारा, नाहीतर जुना गाव नमुना नंबर 14, म्हणजेच कोतवाल बुकाची नक्कल, किंवा जमिनीचा एखादा फेरफार. पणजोबा शाळेत गेलेच नसतील तर आजोबांचा चुलतभाऊ शोधायचा. आजोबांची बहीण चार दिवस का होईना शाळेत बसली असेल, तर तिचा उतारा सोन्यासारखा. वंशावळीच्या कागदावर बाईला जागा जेमतेम मिळते, पण अडलेलं प्रकरण कधी कधी तिच्याच माहेरच्या नावावर सुटतं. ही गंमत फारशी कोणी बोलून दाखवत नाही.

नक्कल हातात आली म्हणजे काम झालं असं नाही. कोतवाल बुकात बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच. बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी, एवढंच. आडनावाच्या जागी ‘वल्द’ लावून बापाचं नाव. लिहिणाऱ्याला ऐकू आलं तसं किंवा वाटलं तसं तो लिहायचा. घरात ज्याला सोमा म्हणत तो दप्तरात सोम्या होई. त्यात जुनी नोंद मोडीत असली, की वाचणारा शोधण्यापासून सुरुवात. कुणबी नोंदींच्या तपासासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणारे किती थोडे उरले आहेत हे साऱ्या राज्याला कळलं. आणखी मागे जायचं असेल, तर नाशिक जिल्हाच मुळी 1869 चा आहे आणि त्याआधी बागलाणचा हा मुलूख खानदेशात होता, हे ध्यानात ठेवावं लागतं.

राजांना असली यातायात कधी पडली नाही. याच बागलाणातल्या मुल्हेरच्या बागूल राजांची वंशावळ रुद्रकवीने 1596 मध्ये ‘राष्ट्रौढवंश’ या संस्कृत महाकाव्यात गुंफली आणि 1917 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ती छापलीही गेली. बागूल आडनावाची घरं आजही या भागात निरनिराळ्या जाती-जमातींत आहेत. त्यातल्या एखाद्याला आपली नाळ थेट मुल्हेरच्या गादीशी जुळवावीशी वाटली तर नवल नाही, पण नुसत्या आडनावावर तेवढी उडी मारू नये. पवार आणि गायकवाडांनाही हेच लागू.

राजा आणि कोतवाल यांच्या मधलं दप्तर नाशिकला रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी मिळतं. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि कूळ यांनुसार यजमानांची नावं असतात: कोण आलं, कोणाचा मुलगा, सोबत कोण. अस्थी घेऊन गेलेला माणूस आजोबांची सही पाहून परततो. मात्र जो तीर्थाला गेला, त्याचंच नाव वहीत चढलं. ज्याचं क्रियाकर्म आपल्याच शिवारात, आपल्याच रीतीने झालं, त्याला तिथे शोधून उपयोग नाही.

अशा कुटुंबांसाठी मला सर्वांत शहाणा वाटतो तो वनजमिनीच्या दाव्याला कोणता पुरावा चालतो ते सांगणारा वनहक्क कायद्याचा नियम 13. कायदा 2006 चा, नियम 2008 च्या आरंभी लागू झाले. सरकारी कागद, जुन्या भूमिअभिलेखातल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ हे पुरावे तर त्यात आहेतच; शिवाय बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान हेही पुरावेच. म्हाताऱ्यांचं तोंडी सांगणं लिहून घेतलं की तेही पुरावा. सांगणारा म्हातारा स्वतः दावेदार नसावा, अशी नियमात अट आहे. त्यामुळे एका घराची तीन पिढ्यांची कहाणी शेजारच्या घरातल्या आजोबांना विचारावी लागते, आणि कोणाच्या बापाने कोणता बांध घातला हे त्यांना अनेकदा घरच्यांपेक्षा नेमकं आठवतं.