परसातील शेड : बांधावी की तयार आणावी?

जयसिंगपूर असो, सांगली असो की सोलापूर. व्यापारी कुटुंबाचा बंगला उभा राहिला की पाच-दहा वर्षांत परसात सामान साचू लागते. बागेची अवजारे, पाण्याचा नळीसंच, रिकामे बारदान, दुकानातील मोडका काटा, जुन्या वह्यांची गाठोडी आणि लग्नकार्यातील मोठी पातेली यांना घरात जागा उरत नाही. मग परसात एखादी शेड असावी असा विचार पुढे येतो आणि घरात दोन पक्ष पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, गवंडी बोलावून विटांची पक्की खोली बांधावी. तरुण मंडळी म्हणतात, तयार पत्र्याची शेड आणून दोन दिवसांत उभी करावी. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र निर्णय सवयीने नव्हे, हिशेबाने व्हावा.

हिशेबाचा आरंभ शेडपासून नव्हे, सामानापासून होतो. आत काय ठेवायचे याची यादी प्रथम कागदावर लिहावी. जुन्या वह्यांचेच उदाहरण घ्यावे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून अधिक काळ. आयकराची मुदत व प्रलंबित प्रकरणे सनदी लेखापालाकडून तपासून घेतली की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची बरीच गाठोडी निरोप देण्याजोगी निघतात. आजोबांच्या हातची चोपडी आठवण म्हणून अवश्य ठेवावी. पण तिला कपाटाचा एक कप्पा पुरतो, खोली लागत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाणाचे अतिचार सांगताना क्षेत्र व वास्तू यांचा उल्लेख सर्वप्रथम येतो. वास्तू वाढली की वस्तू वाढतात, हा अनुभव प्रत्येक घराला आहे. यादी निम्मी झाली तर शेडही निम्मी होते आणि कधी कधी तिची गरजच उरत नाही.

गरज उरलीच, तर किमतीची तुलना केवळ आजच्या खर्चावर करू नये. केवळ पद्धत समजावी म्हणून काही आकडे गृहीत धरू. समजा, पक्की खोली 1,60,000 रुपयांत होते आणि 40 वर्षे टिकते. तयार शेड 90,000 रुपयांना मिळते, 15 वर्षे टिकते आणि शेवटी भंगाराचे 15,000 रुपये येतात. खोलीची वार्षिक झीज 4,000 रुपये, शेडची 5,000 रुपये. एवढ्यावर खोली स्वस्त वाटते. परंतु गुंतलेल्या रकमेवर 7 टक्के व्याज धरल्यास खोलीचे 11,200 आणि शेडचे 6,300 रुपये वाढतात. शेडच्या रंगरंगोटीसाठी दरसाल 1,500 रुपये जास्तीचे धरले तरी वर्षाचा भार खोलीचा 15,200 आणि शेडचा 12,800 रुपये होतो. आपल्या गावच्या गवंड्याचा व फॅब्रिकेटरचा दर या रीतीने मांडून पाहावा. उत्तर उलटही येऊ शकते.

खरी जोखीम मात्र पैशांच्या पलीकडे आहे. इमारतीभोवती सोडायच्या सामासिक अंतरात मनाप्रमाणे बांधकाम करता येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये बांधकामास परवानगी लागते. तयार शेड असली तरी ती परवानगीतून आपोआप सुटते असे समजू नये. नगरपालिकेत आधी विचारावे. व्यापारी कुटुंबांत राहते घर बहुधा दुकानाच्या कर्जासाठी तारण असते. मंजूर नकाशात नसलेली पक्की खोली मूल्यांककाच्या अहवालात नोंदली गेली की ऐन हंगामात कर्जाचे नूतनीकरण अडू शकते. परसातल्या छोट्या खोलीपायी दुकानाच्या भांडवलाची कोंडी होणे, हा महाग सौदा ठरतो.

दुसरा प्रश्न वाटणीचा. जमिनीशी कायमचे जोडलेले बांधकाम कायद्याने स्थावर मालमत्ता ठरते आणि जमिनीबरोबरच जाते. एका भावाच्या पैशाने सामाईक परसात बांधलेली खोली पुढे दुसऱ्याच्या हिश्श्यात गेली, तर मनात गाठ पडते. नट-बोल्टवर उभी असलेली शेड मात्र सोडवून नेता येते. खर्च कोणी केला आणि शेड कोणाची, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.

शेडमध्ये दुकानाचा माल ठेवायचा असेल तर आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. स्वतःच्या वापरासाठीच्या स्थावर बांधकामावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट कलम 17(5) नुसार सहसा मिळत नाही. मोबाइल मनोऱ्यांच्या व त्यांच्या पूर्वरचित खोल्यांच्या प्रकरणात नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटे करून हलवता येणाऱ्या अशा वस्तू स्थावर मानल्या नाहीत. तो निकाल जुन्या सेनव्हॅट नियमांखालचा आहे. म्हणून त्याचा आधार घेण्यापूर्वी सल्ला घ्यावा. शिवाय घराच्या विम्यात दुकानाचा माल धरला जात नाही. त्याची स्वतंत्र नोंद विमा कंपनीकडे करावी.

शेड कोणतीही असो, तिचे आयुष्य जोत्यावर ठरते. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या कृष्णा-पंचगंगाकाठी जोते उंच घ्यावे आणि कागदपत्रे वरच्या फळीवरच ठेवावीत. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात. म्हणून खांब काँक्रीटमध्ये बोल्टने पक्के आवळावेत. पत्र्याला पुरेसा उतार द्यावा आणि हवा खेळण्यासाठी समोरासमोर जाळ्या ठेवाव्यात, नाहीतर उन्हाळ्यात आत भट्टी होते.

गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. पण ती मर्यादित ठेवता येते. चातुर्मासात ओल्या मातीत असंख्य जीव असतात. त्या काळात पाया खोदू नये. काम कार्तिकानंतर, कोरड्या दिवसांत करावे. गवंडीही त्याच दिवसांना पसंती देतो. तळाला भेगा नसलेला कोबा करावा, सामान भिंतीपासून थोडे दूर व जमिनीपासून वर ठेवावे. मग उंदीर, वाळवी यांना थारा मिळत नाही आणि पुढे विषारी फवारणीची वेळही सहसा येत नाही.

सारांश असा : घर एकट्याच्या नावावर, परवानगी हाती आणि गरज पिढीभराची असेल, तर पक्की खोली बांधावी. परस सामाईक, घर तारण किंवा गरज काही वर्षांपुरती असेल, तर परवानगीची खात्री करून तयार शेड आणावी. आणि यादी छाटल्यावर सामान जिन्याखालच्या कपाटात मावत असेल, तर त्या जागी दोन आंब्याची आणि एक चिकूचे रोप लावावे. त्याची सावली पुढच्या पिढीला मिळेल आणि तिच्या वाटणीवरून कोणी भांडणार नाही.